सोळा शेपट्या खोल

मुलांनो, एका माळाच्या पायथ्याला काळ्या जमिनीचा लहानसा तुकडा होता आणि त्याच्या बांधात बीळ करून दोन उंदीर भाऊ राहत असत. थोरला सबुरीचा होता. मातीत नाक खुपसून तो कितीही वेळ बसे. धाकट्याचे तसे नव्हते. मनात काही आले की त्याचे पाय निघालेच, आणि तोंड पायांच्याही आधी निघे. थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, दोघांना सांभाळून घेई. तिघांचे बरे चालले होते.

शेतात काम करण्याची त्यांची एक रीत होती. एकाने काम करायचे, दुसऱ्याने बांधावरच्या मोठ्या ढेकळावर बसून आभाळ बघायचे. घारीची सावली दिसली की ढेकळावरच्याने शीळ घालायची आणि कामावरच्याने हातातले टाकून जवळच्या भेगेत शिरायचे. त्या माळावरचे सगळेच उंदीर असे करत. काम चालू असताना ढेकूळ सोडणे ही तिथे सगळ्यांत वाईट गोष्ट समजली जाई.

पाऊस सरता सरता थोरल्याने पेरणी केली. शेपटी मातीत टेकवून तो सरळ चालत जाई, की झाली ओळ. माळाच्या कडेला पहिल्या तीन ओळी करडईच्या. मग सहा ओळी ज्वारीच्या. पुन्हा तीन करडईच्या, पुन्हा सहा ज्वारीच्या. असे करत करत शेत संपले.

धाकटा मागे मागे येत होता. तो म्हणाला, "दादा, ज्वारीचं समजलं. ती पोटाला लागते. ही काटेरी बया कशाला मध्ये मध्ये?"

"तिच्या दाण्यात तेल असतं. पोरांच्या अंगी लागतं."

"पोरं कुठायत?"

"होतील की," थोरला म्हणाला, आणि वहिनी लगबगीने बिळात गेली.

"आणि पाणी? ओढ्याच्या तळ्यात असतं घोटभर. त्याला तू दोन तोंडं लावलीस."

"ती कुणाच्या ताटातलं घेत नाही. एकदा माझ्याबरोबर खाली चल, दाखवतो."

"खाली काय दाखवणार? माती?"

"चल तर खरा."

"उद्या जाऊ," धाकटा म्हणाला आणि पळाला. उद्या पुष्कळ आले. तो गेला नाही.

थंडी पडली. ज्वारी वाढली, करडईच्या पानांच्या कडा टोचू लागल्या. पाऊस गेल्यापासून जमीन आवळत चालली होती आणि काळ्या मातीला भेगा पडू लागल्या होत्या. भेग म्हणजे जमिनीचे उघडे तोंड, त्यातून ओल निघून जाते, असे थोरला म्हणे. म्हणून तो रोज भुसभुशीत माती लोटून भेगा बुजवत असे.

एका दुपारी माळाकडच्या कडेला करडईत भेगा फार उघडल्या होत्या. थोरला तिथे माती लोटत होता आणि धाकटा ढेकळावर होता. सकाळीच त्याच्या पंजात करडईचा काटा मोडला होता. पंजा ठणकत होता. त्याचे डोके फिरले. तो ओरडून म्हणाला, "तुझ्या काट्यांची राखण मी नाही करणार. तूच माती लोट आणि तूच शीळ घाल." आणि तो ढेकळावरून उतरून बोरीच्या झुडपामागे जाऊन बसला.

थोरल्याने त्याला दोन हाका मारल्या. मग तो एकटाच कामाला लागला.

घार आली. शीळ झाली नाही.

धाकटा परत आला तेव्हा बुजवलेल्या भेगांची रांग अर्ध्यावर थांबली होती. तिथे मातीत शेपटीचा एक लांब ओरखडा होता, आणि पुढे काही नव्हते.

आजूबाजूचे सगळे भेटायला आले. वहिनी पोटुशी होती. ती कुणाशी बोलली नाही. धाकटा मात्र येईल त्याला सांगत होता, "करडईपायी गेला माझा भाऊ. ती नसती तर तो त्या कडेला गेलाच नसता." आपण ढेकळावर नव्हतो, हे त्याने कुणालाही सांगितले नाही. जे सांगता येत नाही ते दातांत येते. त्याचे दात रात्रंदिवस शिवशिवू लागले.

शेजारच्या शेतात एक लठ्ठ घूस होती. तिने सगळे शेत ज्वारीचेच केले होते. ती बांधावर येऊन म्हणाली, "भाऊ गेला, पण काटे ठेवून गेला बघ. कोवळी होती तेव्हा भाजी तरी झाली असती. आता काय, नुसतं पाणी पिणार आणि टोचणार."

"उद्या बघ, मावशी," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने माळाच्या कडेच्या करडईच्या तिन्ही ओळी बुडापासून कातरल्या. झाड पडले की तो त्याच्याकडे बघतही नसे, पुढच्याला दात लावी. त्याचे ओठ रक्ताळले. संध्याकाळी कडेला सगळी करडई आडवी झाली होती. त्याला वाटले होते की आता छातीवरचे ओझे उतरेल. ते जिथे होते तिथेच राहिले.

ओढ्याच्या तळ्यावर एक म्हातारा खेकडा होता. शेतांना पाणी सोडायची पाळी तो ठरवी. चिखलात पाय रोवून तो पाण्याची खोली मोजत असे. धाकटा विचारायला गेला तेव्हा खेकडा म्हणाला, "यंदा एकच पाणी. ज्वारी पोटरीत आली, कणीस पानांच्या आत फुगलं की तुझी एक सकाळ, घुशीची एक सकाळ. मागून तिसरी सकाळ मागू नका, मी देणार नाही. माझ्याच पाठीवर आता पाणी राहिलेलं नाही."

"एका सकाळीत सगळं शेत भिजेल?"

"नाही."

"मग माझ्या वहिनीनं उन्हाळ्यात काय खायचं? ती दुजीवाची आहे."

खेकड्याने एक डोळा त्याच्याकडे वळवला. "हे तुझ्या दादाला विचारायचं होतं. दर वर्षी त्याचं एका सकाळीत भागायचं. कसं ते मलाही कळलं नाही."

धाकट्याला विचार करणे माहीत नव्हते. त्याला एवढेच समजले की पाणी कमी आहे आणि पिणारी तोंडे जास्त आहेत. उरलेली सगळी करडई आजच संपवायची, असे म्हणत तो दुसऱ्या पट्ट्यात शिरला. पण आता बुंधे टणक झाले होते. दात लागेनात. तेव्हा त्याला वाटले, खालूनच तोडावी. मूळ संपते तिथे जाऊन चावा घेतला की काम कायमचे झाले. त्याने एका झाडाच्या बुडाशी पंजे मारले आणि मुळाच्या कडेने तो खाली उकरत निघाला.

मुलांनो, उंदीर खोली शेपटीने मोजतात. पहिल्या चार शेपट्या ज्वारीच्या होत्या. शेजारच्या ओळीतून आलेली तिची मुळे दाढीसारखी पसरली होती, एकमेकींत गुंतली होती, आणि तिथली माती भाजलेल्या पिठासारखी कोरडी होती. ज्वारी तहानलेली होती, हे त्याला डोळ्यांनी दिसले. करडईचे मूळ त्या गर्दीतून, ओळखीच्यांना मान हलवून पुढे जावे तसे, कुणालाही न अडवता सरळ खाली उतरले होते.

"संपेल आता," धाकटा म्हणाला.

सहा शेपट्या झाल्या. ज्वारीच्या मुळांचे शेवटचे केस मागे राहिले. आठ झाल्या. वरचा उजेड वाटाण्याएवढा झाला आणि मग गेला. दहा शेपट्यांवर काळी माती संपून खरखरीत, चुनखडीची माती लागली. त्याचे पंजे सोलले. मूळ वाटेत एका दगडाला वळसा घालून पुन्हा सरळ झाले होते. इतक्या खाली कुणी उंदीर आल्याचे त्याने ऐकले नव्हते. तो आता रागाने उकरत नव्हता. राग कुठेतरी वर राहून गेला होता. हे कुठवर जाते, एवढेच त्याला बघायचे होते.

सोळाव्या शेपटीला त्याच्या नाकाला गार लागले.

माती ओली होती. मुठीत धरली तर गोळा होईल इतकी ओली. वर पाने करपत होती, तळे आटत होते, खेकडा पाणी मोजत होता, आणि इथे अंधारात भाद्रपदातला पाऊस अजून बसून होता. कुणाला न दिसता, कुणी न मागता. मूळ इथे मिशीच्या केसाएवढे बारीक झाले होते. त्याच्या टोकाला मऊ लव होती आणि लवेच्या प्रत्येक तंतूला ओल लगडली होती. धाकट्याने कान लावला. काहीच आवाज नव्हता. एवढे मोठे काम चालले होते आणि आवाज नव्हता.

चावा घ्यायला उघडलेले तोंड त्याने मिटले. करडईने ज्वारीच्या वाटचा एक थेंबही घेतला नव्हता. ती आपले पाणी आणायला सोळा शेपट्या खाली आली होती, जिथे ज्वारीला येताच आले नसते.

मग अंधारात हात फिरवताना त्याला शेजारी एक पोकळी लागली. एका उंदराला बसता येईल एवढी. तिच्या भिंती पाठीने घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि कोपऱ्यात करडईच्या दाण्यांची चार जुनी टरफले होती. वरून येणारी तिची वाट कधीच ढासळून बुजली होती. दादा इथे येऊन बसत होता. इथेच तो त्याला आणणार होता.

धाकटा त्या पोकळीत बसला. ती त्याला थोडी मोठी झाली. दादा गेल्यापासून तो रडला नव्हता, तो तिथे रडला.

पाण्याच्या पाळीची सकाळ उजाडली. धाकटा उजाडण्यापूर्वीच शेतात होता. करडईच्या ओळींकडे जाणाऱ्या सगळ्या सऱ्यांची तोंडे त्याने चिखलाने लिंपून टाकली आणि फक्त ज्वारीच्या सऱ्या उघड्या ठेवल्या.

घूस बघायला आली होती. "अरे, तिला पाणी नाही?"

"तिचं तिच्याकडे आहे, मावशी."

"कुठे?"

"खाली."

"भाऊ गेल्यापासून पोराचं डोकं ठिकाणावर नाही," घूस खेकड्याला म्हणाली. खेकडा पुढे सरकला. त्याने बांधाची माती सारली आणि पाणी सुटले.

पाणी ज्वारीच्या सऱ्यांतून पळत गेले. करडईच्या पट्ट्यात ते शिरले नाही, त्यामुळे त्याला लवकर पुढे जाता आले. ऊन डोक्यावर येण्याच्या आत शेवटच्या टोकाची शेवटची ज्वारी भिजली. शेताला आवाज येत होता, कोरडी माती पाणी पिते तेव्हा येतो तसा. दुसऱ्या सकाळी घुशीची पाळी झाली. तिचे सगळे शेत ज्वारीचे, सगळे तहानलेले. पाणी मध्यापर्यंत पोहोचले आणि तळे संपले.

त्याच आठवड्यात वहिनीला पाच पिल्ले झाली. गुलाबी, डोळे मिटलेली. धाकटा बिळाच्या तोंडाशी बसून राहिला, आत जाईना. वहिनी म्हणाली, "भावोजी, या की. तुमचीच आहेत."

तो आत आला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, मी त्या दिवशी ढेकळावर नव्हतो."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मी बिळात होते. शीळ ऐकू आली नाही."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

वहिनीने एका पिल्लाला जवळ ओढले. मग म्हणाली, "ते हाका मारत होते तुम्हाला. तुम्ही आला नाहीत तेव्हा शोधायला यायला निघाले होते. मीच आतून म्हटलं, बसू द्या रुसून, पोटात कावळे ओरडले की येतील. म्हणून ते पुन्हा कामाला लागले. आता सांगा, मी कुणाला बोलू?"

धाकटा आत सरकला. तो तिच्याजवळ बसला.

"कडेची करडई तुम्ही कातरलीत," ती म्हणाली.

"हो."

"आता पुरे."

"पुरे," तो म्हणाला.

ज्वारीची कणसे बाहेर पडली, दाण्यात दूध भरू लागले. करडईला पिवळी-केशरी फुले आली आणि तिचे काटे सुईसारखे कडक झाले. एका सकाळी धुक्यातून काळविटांचा कळप माळावरून खाली उतरला. पंचवीसएक असतील. कडेला जिथे करडईची भिंत असायची तिथे आता नुसते खुंट होते. कळप तिथून सरळ आत आला आणि त्याने ज्वारीच्या पहिल्या सहा ओळींत माना घातल्या.

धाकटा त्यांच्या खुरांमधून धावला, ओरडला, एकाच्या पायाला चावलाही. काळविटाने पाय झटकला आणि तो खात राहिला. सहा ओळी बघता बघता संपल्या. तिथे फक्त ताटांचे बुडखे राहिले. ते आपणच केले, हे धाकट्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो मातीत बसला आणि आता पुढचे सगळे जाणार म्हणून बघत राहिला.

कळपाचा म्होरक्या पुढे झाला. पुढे करडईचा पट्टा होता. त्याने नाक घातले आणि मान मागे घेतली. बाजूला सरकून पुन्हा घातले. नाकावर रक्ताचा ठिपका आला. त्याने खूर आपटला, फुरफुरला. एवढी मोठी शिंगे, एवढे मोठे डोळे, आणि समोर तीन ओळींचे झाड, हलत नव्हते, ओरडत नव्हते, नुसते उभे होते. म्होरक्या वळला. त्याच्यामागे कळप वळला. धाकटा तोंड उघडे टाकून बघतच राहिला.

कळप बांध ओलांडून घुशीच्या शेतात गेला. तिथे अडवणारे कुणी नव्हते. धाकटा आणि घूस दोघेही ओरडत धावले, पण पाणी मिळालेल्या अर्ध्या ज्वारीतलीही अर्धी गेली.

काढणी आली. करडई दव असताना काढतात, तेव्हा काटे मऊ असतात. पिल्ले आता टुणटुणीत झाली होती. ती पहाटेच्या गारठ्यात काकाच्या मागे ओळीत चालत आणि टोचले की एकमेकांवर चिडत. ज्वारीच्या चार पट्ट्यांपैकी तीन घरात आले. एका पट्ट्याची तूट राहिली असती, पण तिच्या शेजारी करडईचे दाणे पडले आणि कोठीचे तोंड कसेबसे मिटले. वैशाखात वहिनीचे दूध आटले तेव्हा ती दाणे कुटून पिल्लांना चाटवी. त्यांच्या अंगावर केस असे चमकत की घूस म्हणाली, "यांना काय चोळतेस गं?"

घुशीची कोठी वैशाखातच रिकामी झाली होती. धाकट्याने तिला ज्वारी दिली. आणि एक पुडी करडईचे बी दिले.

"काटेरी आहे रे," ती म्हणाली.

"आहे," धाकटा म्हणाला.

पुढचा पावसाळा निम्मा सरला होता. श्रावणात एका दुपारी मोठी सर आली. घुशीच्या शेतात पाणी साचले आणि बांधावरून वाहून ओढ्याला गेले. यांच्या शेतातले पाणी मात्र कुठे वाहिना. ते जमिनीवर आले आणि खाली जाऊ लागले. पिल्ले बिळाच्या तोंडाशी गोळा झाली.

"काका, पाणी कुठं चाललंय?"

धाकटा भिजत करडईच्या जुन्या ओळीत गेला. जिथे जिथे झाड उभे होते तिथे मूळ कुजून गेले होते आणि त्याच्या जागी एक बारीक भोक राहिले होते, सरळ खाली जाणारे. शेकडो भोके. प्रत्येकातून पाणी गुडगुडत उतरत होते, सोळा शेपट्या खाली, पुढच्या हिवाळ्यासाठी. त्याने कातरलेल्या ओळींत, माळाच्या कडेलासुद्धा, तशीच भोके होती. तिथेही पाणी उतरत होते.

तो पावसात तसाच बसून ऐकत राहिला. पिल्ले येऊन त्याला चिकटली.

"ही वाट कुणी केली, काका?"

"जी आता नाही, तिनं," तो म्हणाला.

तात्पर्य : जे टोचते ते आपल्या वाटचे पितेच असे नाही, उपटण्याआधी त्याचे मूळ कुठवर गेले आहे ते खाली उतरून बघावे. आणि पेरणारा घरात आहे तोवर त्याला विचारून घ्यावे, उद्यावर टाकू नये.